दगडाखालचे पांढरे कागद, आणि माझा दोन वर्षांपूर्वीचा गुन्हा

गुडघेदुखी

विषय नाजूक आहे, पण दुसरीकडे विचारायची सोय नाही. घरात काढला की "आत्ता नको गं", आणि डोंगरात फिरायला येणाऱ्या मंडळींत काढला की सगळे एकदम बुटांच्या नाड्या बांधायला लागतात.

आम्ही नऊ जणं वर्षातून दोन-तीनदा तंबू घेऊन बाहेर पडतो. मी त्रेपन्न वर्षांची, म्हणजे सगळ्यांत थोरली. बाकी भाचे-भाच्या आणि त्यांचे मित्रमैत्रिणी. झाडून सगळे मला मावशी म्हणतात. त्यामुळे औषधांचा डबा, सुईदोरा आणि नको असलेले विषय माझ्या वाट्याला.

गेल्या वेळी ओढ्यापासून थोडं वर एका सपाटीवर मुक्काम होता. मी उजाडायच्या आधी उठते, कारण गुडघ्यांमुळे मला वेळ लागतो आणि एका हाताने झाडाचं खोड धरून बसावं लागतं. बॅटरी घेतली, निघाले. पहिल्या झुडपामागे पांढरा कागद. दुसऱ्या झुडपामागे कागद आणि ओले वाइप्स. मोठ्या खडकामागे तर पाऊल टाकायची सोय नव्हती. ज्या ज्या जागी मला आडोसा दिसला, तिथे तिथे तो आधी कुणाला तरी दिसून गेलेला होता. शेवटी एका काटेरी जाळीत शिरले, कारण तिथे जायला कुणी धजावलं नव्हतं. दंडावरचे ओरखडे आठवडाभर होते.

उजाडल्यावर भाची स्टोव्हला वारा लागू नये म्हणून चपटे दगड गोळा करत होती. एक उचलला आणि किंचाळून टाकला. कुणीतरी "झाकून" ठेवलं होतं. ज्याने तो दगड ठेवला त्याला नक्की वाटलं असणार की आपण बरे, निदान झाकलं तरी.

मी त्या सगळ्यांना मनातल्या मनात यथेच्छ शिव्या घातल्या. आणि मग आठवलं.

दोन वर्षांपूर्वी ह्याच वाटेवर, बुंध्याजवळ दोन फांद्या फुटलेल्या एका झाडाखाली मी टाचेने खळगा केला होता आणि त्यात दोन वाइप्स ढकलून वर माती लोटली होती. पाकिटावर "विघटनशील" लिहिलेलं, मी विश्वास ठेवला. वर्षाने पुन्हा त्याच झाडाशी टेकलो तेव्हा कुठल्यातरी जनावराने खळगा उकरलेला होता आणि वाइप्स बाहेर पडले होते. सगळे ऋतू अंगावर काढून उलट धुतल्यासारखे स्वच्छ दिसत होते. कडेची हिरव्या पानांची छपाईसुद्धा शाबूत. माझेच होते, लगेच ओळखले. कुणी बघत नाही ना ते पाहून काटकीने उचलले आणि पिशवीत टाकले. आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

आता पुढच्या महिन्यात परत जायचंय आणि दोन नवी मुलं येणार आहेत. वाटेत कुठेही शौचालय नाही. मला नेमकं काय करायचं ते एकदा नीट समजून घ्यायचं आहे. खड्डा किती खोल? कागद पुरायचा, जाळायचा की परत आणायचा? पाणी वापरणाऱ्यांनी ते पाणी कुठे सोडायचं? आणि हे सगळं विशीतल्या पोरांना त्यांना न लाजवता कसं सांगायचं? शेवटचा प्रश्न सगळ्यांत अवघड.

खुरपं_सोबती

मावशी, धागा काढलात ते फार बरं केलंत. मी वीसेक वर्षं गट घेऊन जातो, म्हणून जरा लांबण लावतो.

आधी जागा. पाणी, पायवाट आणि तंबू, तिन्हींपासून निदान ६० मीटर लांब. मोजायला टेप कोण नेणार, मोठी सत्तर पावलं धरा. कोरडा ओढाही पाण्यातच धरायचा. आज तिथे वाळू दिसते, पण पहिल्या मोठ्या सरीला तिथूनच सगळं वाहत खाली जातं. शक्यतो काळसर, पालापाचोळा कुजलेली माती शोधा. पिवळ्या मुरमात किंवा वाळूत कुजवणारे जीव फार कमी असतात, तिथे पुरलेलं तसंच पडून राहतं.

खड्डा वीतभर खोल. आकड्यात सांगायचं तर १५ ते २० सेंटिमीटर, आणि तोंड १० ते १५ सेंटिमीटर रुंद. टाचेने होतो तो खड्डा नव्हे, तो खळगा, हे तुम्हाला आता कळलंच आहे. खुरपं लागतंच. नुसत्या काटकीने वीतभर खणून बघा, निम्म्यात घाई होते आणि माणूस तसाच बसतो. म्हणून मी मुलांना सांगतो, घाई लागायच्या आधी खड्डा खणून ठेवा. संध्याकाळी तंबू ठोकून झाला की उजेडात जागा हेरायची, खड्डा करायचा, शेजारी ओळखीचा दगड ठेवायचा. पहाटे अंधारात चाचपडणं वाचतं. तुमच्या गुडघ्यांना तर त्याचा दुप्पट फायदा, कारण धरायला बरं खोड असलेली जागा आधीच निवडता येईल.

खणताना वरचा गवताचा किंवा पाचोळ्याचा थर अख्खा, एका वडीसारखा उचलून बाजूला ठेवा. काम झालं की थोडी माती टाकून काटकीने आतलं ढवळा. हो, ढवळायचं, नाक मुरडू नका. माती मिसळली की कुजायला सुरुवात तरी होते, नुसता गोळा पुरला तर तो गोळाच राहतो. काटकी आतच सोडायची, उरलेली माती लोटायची, वर ती वडी परत बसवायची. खुरपं त्या गोष्टीला लागू द्यायचं नाही, ते फक्त मातीला. हे एकदा ठरलं की खुरपं पिशवीत ठेवायची कुणाला किळस वाटत नाही.

खड्ड्यात काय जाईल? शरीरातून जे आलं तेवढंच. कागद परत. वाइप्स परत, पाकिटावर काहीही लिहिलेलं असो. बऱ्याच वाइप्समध्ये पॉलिएस्टरचे धागे असतात, म्हणजे ते कापडासारखं दिसणारं प्लास्टिक आहे. साधा, बिनवासाचा कागद खोल पुरला तर चालेल असं काही जण सांगतात, पण वास लागला की जनावरं उकरतात आणि पहिल्यांदा वर येतो तो कागदच. तुमच्या त्या सपाटीवरच्या कागदांपैकी निम्मे तरी कुणीतरी "पुरलेले" असणार.

आणि पुरलं म्हणजे संपलं असंही नाही. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत मोंटानाच्या ब्रिजर पर्वतरांगेत संशोधकांनी वेगवेगळ्या खोलीवर विष्ठा पुरून ठेवली आणि पुढच्या वर्षी उकरून तपासली. पोट बिघडवणारे साल्मोनेलाचे जंतू जिवंत होते. खोल-उथळ केल्याने फारसा फरक पडलेला नव्हता. खड्डा करायचा तो कुणाचा पाय, माशी आणि पाणी तिथवर पोचू नये म्हणून. चमत्कार व्हावा म्हणून नव्हे.

वाऱ्यावरचा

एवढं काय त्यात? वाघ, कोल्हे, हरणं सगळे उघड्यावरच करतात. त्यांना कोण खुरपं देतं? निसर्गातून आलं, निसर्गात गेलं. उगाच शहरी चोचले.

खुरपं_सोबती

कोल्हा दर शनिवारी चाळीस जणांना घेऊन एकाच ओढ्याकाठी मुक्कामाला येत नाही. आणि तो जंगलातलं खाऊन जंगलातच टाकतो. आपण बाहेरून आणलेलं खातो आणि तिथे सोडून येतो, म्हणजे रोज थोडं थोडं खत बाहेरून ओततो. शिवाय माणसाच्या पोटातले जंतू माणसालाच हमखास लागू पडतात. जियार्डिया नावाचा एक परजीवी आहे, त्याच्या पुटी गार पाण्यात आठवडेच्या आठवडे, कधी महिने टिकतात. खालच्या अंगाला बाटली भरणाऱ्याला काय पत्ता वर कोण बसलं होतं.

वाऱ्यावरचा

बरं. शनिवारचा मुद्दा मान्य. वाघाचा मागे घेतो, कोल्ह्याचा विचार करतो.

सडाफटिंग

मी कागद जाळतो. लायटरची एक ठिणगी, मिनिटभरात राख. ना ओझं ना वास. हे का नाही सुचवत कुणी?

झुळूक

कारण त्याने डोंगर पेटलेत, म्हणून. कॅनरी बेटांतल्या ला पाल्मा बेटावर ऑगस्ट २०१६ मध्ये एका तरुणाने शौचानंतर कागद पेटवला. वणवा लागला, हजारो एकर जंगल गेलं, आणि आग विझवायला गेलेला एक वनरक्षक मेला. त्याच्या आदल्याच वर्षी अमेरिकेत बॉइझी शहराजवळच्या टेकड्यांवर एका सायकलवाल्याने हेच केलं, सत्तरेक एकर गवत जळालं. त्याचा हेतूही चांगलाच होता, कचरा मागे राहू नये.

आणि खरं सांगा, कधी पूर्ण जळतो का तो? ओला असतो. कडा जळतात, मधला भाग तपकिरी होऊन पडून राहतो. मी असे अर्धवट जळलेले कागद पुष्कळ उचललेत. तुम्हीही कधीतरी मागे वळून बघा.

सडाफटिंग

वळून बघायची वेळ कधी आली नाही, हे कबूल. पण मग तो वापरलेला कागद दोन दिवस सॅकमध्ये घेऊन फिरायचं? मला कल्पनाच करवत नाही.

झुळूक

करवेल. मी सांगते माझी पद्धत. एक झिपची जाड पिशवी, तिला बाहेरून अख्खी करड्या रंगाची चिकटपट्टी गुंडाळलेली, म्हणजे आतलं दिसत नाही. निम्मी किळस दिसण्याची असते. आत चिमूटभर खाण्याचा सोडा, वास धरून ठेवतो. ही पिशवी दुसऱ्या पिशवीत, आणि दोन्ही सॅकच्या बाहेरच्या कप्प्यात. वेगळ्या छोट्या पिशवीत हात घालून कागद बाहेरून पकडायचा आणि ती उलटी करून ह्या पिशवीत टाकायची, कुत्र्याचं उचलतात तसं. हाताला काही लागत नाही. पहिल्या दिवशी सारखं आठवत राहतं की ते आपल्या पाठीवर आहे. दुसऱ्या दिवशी विसरायला होतं.

कुत्र्यावरून आठवलं. कुत्र्याची शी पिशवीत भरून, वर छान गाठ मारून, ती पिशवी वाटेच्या कडेला ठेवून जाणारे लोक हा माझ्या आकलनापलीकडचा प्रकार आहे. नुसती राहिली असती तर निदान कुजली तरी असती.

आता बायकांचं, कारण ते पुरुष प्रतिसादकांच्या लक्षात येत नाही. शू ला दरवेळी कागद लागतो म्हणून सगळ्यांत जास्त पांढरे झेंडे आपलेच असतात, हे मावशी, तुम्हालाही माहीत असणार. मी कागद पूर्ण सोडला. हातरुमालाएवढा एक गडद रंगाचा कापडी तुकडा, फक्त टिपायला, फक्त शू साठी. सॅकच्या बाहेर अडकवून ठेवते, उन्हात वाळतो, रात्री साबणाने धुते. आधी विचित्र वाटलं, आता त्याच्याशिवाय जात नाही.

पॅड पुरायचे नाहीतच. त्यात प्लास्टिक असतं, आणि रक्ताच्या वासाने जनावरं पहिल्यांदा तेच उकरतात. तेही त्याच चिकटपट्टीच्या पिशवीत. पाळीचा कप वापरत असाल तर रक्त वीतभर खड्ड्यात, आणि हात आधी धुवायचे, नंतर तर धुवायचेच.

आणखी एक. नव्या मुली आल्या की त्यांना हळूच विचारा पाणी पिताय का. पुष्कळ जणी जायला नको म्हणून दिवसभर पाणीच पीत नाहीत. मग डोकं दुखतं, शू ला जळजळ होते, आणि आपण म्हणतो ऊन लागलं.

गुडघेदुखी

झुळूक, पाण्याचं वाचून चरकले. गेल्या वेळी एक मुलगी दुपारी चक्कर येऊन बसली होती. मी तिला साखरपाणी दिलं आणि टोपी का घातली नाहीस म्हणून रागावले. तिला विचारायचं मला सुचलंच नाही.

खुरपं_सोबती, ढवळायचं वाचून भाचा खोलीबाहेर गेला. पण ऐकलं त्याने. आता पाणी वापरणाऱ्यांचं सांगा. आमच्यात निम्मे पाणी वापरतात, निम्मे कागद.

खुरपं_सोबती

पाणीवाल्यांचं कचऱ्याच्या बाजूने सोपं आहे, मागे काही उरत नाही. फक्त धुवायचं ते त्याच खड्ड्यावर बसून, माती लोटायच्या आधी. अर्धा लिटरची बाटली, झाकणाला तापलेल्या सुईने दोन-तीन भोकं पाडलेली. दाबली की बारीक धार येते, एवढ्यात नीट होतं. ती बाटली वेगळ्या रंगाची ठेवा आणि त्यावर खूण करा. आमच्याकडे एकाने अंधारात ती प्यायच्या बाटल्यांत ठेवली होती. पुढचं सांगत नाही.

ओढ्यात जाऊन धुवायचं नाही, कितीही वाहतं पाणी असो. हातही ओढ्यात नाही. बाटलीत पाणी घेऊन सत्तर पावलं लांब, साबण तिथे. विघटनशील साबणाचं विघटन मातीत होतं, ओढ्यात तो फेसच.

पाण्याचा तोटा एकच, हात जास्त लागतो. त्यामुळे साबणाला पर्याय नाही. हात साफ करायच्या जेलवर विसंबणारे लोक इथेच फसतात. अल्कोहोलचं जेल बऱ्याच जंतूंना मारतं, पण उलट्या-जुलाब करणाऱ्या नोरोव्हायरसवर त्याचा फारसा उपयोग नाही आणि क्रिप्टोस्पोरिडियम ह्या परजीवीवर जवळजवळ नाहीच. साबण-पाणी ते चोळून धुऊन काढतं. गटातली पोटं एकापाठोपाठ बिघडली की सगळे ओढ्याच्या पाण्याला दोष देतात. पुष्कळदा दोष त्या एका हाताचा असतो जो परत येऊन खाऊच्या पुडक्यात गेला. म्हणून आमच्याकडे पुडक्यात कुणी हात घालत नाही, पुडकं हातावर ओतायचं. पाणी मात्र उकळाच. खळखळून एक मिनिट, २००० मीटरच्या वर असाल तर तीन.

तळ्याकाठी

शू बद्दल कुणी फार बोललं नाही म्हणून लिहितो. शू ला खड्डा लागत नाही, पण जागा बघावी लागते. रोपट्यांवर नको, खडकावर किंवा उघड्या मातीवर. कारण मीठ. क्षार कमी असलेल्या डोंगरांत जनावरं त्या मिठासाठी येतात आणि ते चाटायला झाडंझुडपं मुळासकट खरवडतात.

अमेरिकेतल्या ऑलिंपिक राष्ट्रीय उद्यानात डोंगरी बकऱ्यांनी असाच उच्छाद मांडला होता. त्या तिथल्या मूळच्या नव्हेत, १९२० च्या दशकात शिकारीसाठी आणून सोडलेल्या. तिथे नैसर्गिक क्षार कमी, त्यामुळे त्यांना माणसाच्या घामाची आणि शू ची चटक लागली. माणूस वाटेवरून आडबाजूला वळला की मागे बकरी हजर. २०१० मध्ये एका बकरीने शिंग मारून एका फिरणाऱ्याचा जीव घेतला. शेवटी २०१८ ते २०२० ह्या काळात तीनशेहून जास्त बकऱ्या हेलिकॉप्टरखाली झोळीत लटकवून दुसऱ्या डोंगररांगेत नेऊन सोडल्या. डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या बकऱ्या हवेत लोंबकळताहेत असं ते दृश्य.

आणि सत्तर पावलांच्या नियमालाही अपवाद आहे. ग्रँड कॅनियनमध्ये कोलोरॅडो नदीतून तराफ्यावरून जाणाऱ्यांना उलट सांगतात, शू नदीतच करा. दरी कोरडी, वाळूचे काठ चिंचोळे, पाऊस तुरळक, आणि रोज त्याच काठांवर मुक्काम. वाळूत केली तर काठ घाणेरडे वास मारायला लागतात. नदी प्रचंड, ती सहज पोटात घेते. शी मात्र सगळी डब्यात भरून बाहेर आणावी लागते. पूर्वी त्यासाठी लष्करी दारूगोळ्याच्या पत्र्याच्या पेट्या वापरत, वर बैठक नसे. बसून उठलं की मांड्यांवर दोन खाचा उमटत, म्हणून त्या डब्याचं नावच "ग्रूव्हर" पडलं. खाचा पाडणारा. आता बैठक आली, नाव तेच.

गुडघेदुखी

लोंबकळणाऱ्या बकऱ्यांवर आमच्या घरात अर्धा तास गेला. आणि खरं सांगू, नव्या मुलांसमोर विषय काढायला मला हीच गोष्ट हवी होती. बकऱ्यांपासून सुरू करेन, खड्ड्यापर्यंत आपोआप पोचेन.

एक शंका. आम्ही जातो तिथे दुसऱ्या दिवशीचा टप्पा नुसता कातळ आहे. वीतभर सोडा, बोटभर माती नाही. तिथे?

बर्फाळ

तिथे पिशवीत घ्यायची आणि परत आणायची. कातळ, वाळवंट, बर्फ, तिन्हीकडे हेच.

बर्फाबद्दल लोकांचा फार गैरसमज. बर्फात खड्डा केला म्हणजे पुरलं असं वाटतं. बर्फ वितळतो, ते वितळत नाही. अलास्कातल्या देनाली शिखरावर (६१९० मीटर) गिर्यारोहक अनेक दशकं हिमभेगांत टाकत आले. सगळ्यांची समजूत होती की हिमनदी ते आत चिरडून टाकते. संशोधकांनी तिथल्या काहिल्टना हिमनदीचा अभ्यास केला तेव्हा चित्र वेगळं निघालं. हिमनदी सरकत राहते, आणि वर टाकलेलं खाली, बर्फ वितळतो त्या पट्ट्यात, परत पृष्ठभागावर येतं. आता तिथे झाकणाचे गोल डबे देतात, पाठीवर बांधायचे. २०१८ पासून ४३०० मीटरच्या तळाच्या खालची सगळी विष्ठा डोंगरावरून खाली आणावी लागते. एव्हरेस्टवरही २०२४ मध्ये तिथल्या खुंबू पासांग ल्हामु ग्रामीण पालिकेने पिशव्या सोबत नेणं आणि परत आणून दाखवणं बंधनकारक केलं.

ह्या कामाच्या तयार पिशव्या मिळतात. आत एक पावडर असते, लंगोटात असते त्याच जातीची, ओल शोषून घट्ट लगदा करते आणि वासही बराच दबतो. कॅलिफोर्नियातल्या माउंट व्हिटनीवर वाटेतली शौचालयं काढून टाकली आणि आता परवान्यासोबत हातात अशी पिशवी ठेवतात. तयार मिळाली नाही तर झुळूक यांची चिकटपट्टीची पिशवी घ्या आणि आत मूठभर लाकडाचा भुसा टाका. वर बसायला सपाट दगड दोन, मध्ये पिशवीचं तोंड उघडून. गुडघ्यांचं म्हणाल तर दगड जरा उंच निवडा.

फक्त ती पिशवी खाली आल्यावर "नंतर उचलू" म्हणून वाटेवर ठेवू नका. नंतर कुणीच उचलत नाही. व्हिटनीच्या वाटेवर अशा सोडून दिलेल्या पिशव्या हीच आता डोकेदुखी आहे.

सडाफटिंग

लायटर घरी ठेवतो. भुसा आहे माझ्याकडे.

गुडघेदुखी

काल परत आलो. सांगायचं कबूल केलं नव्हतं, पण सांगते.

पहिल्या संध्याकाळी तंबू लागल्यावर सगळ्यांना गोल बसवलं आणि बकऱ्यांपासून सुरुवात केली. नंतर माझ्या वाइप्सची गोष्ट सांगितली, हिरव्या पानांच्या छपाईसकट. ते ठरवलेलं नव्हतं. "असं करा, तसं करा" म्हणायला तोंड उघडलं आणि आधी तेच बाहेर आलं. भाची म्हणाली, मावशी तू? मग मात्र एकेक जण सुरू झाला. एकाने दगड ठेवला होता. एकीने पॅड नदीत सोडला होता, शाळेत असताना, रडत रडत. सगळ्यांत शांत मुलगा म्हणाला की मी दोन दिवस जातच नाही, दाबून धरतो, घरी जाऊन करतो. दोन दिवस! त्याचं तोंड का उतरलेलं असतं ते आम्हाला आत्ता कळलं.

मग खुरपं मध्ये ठेवलं. नियम असा केला की तंबूंच्या मधल्या काठीला खुरपं, साबण आणि खुणेची बाटली एका पिशवीत लटकलेली. पिशवी जागेवर नसेल तर कुणीतरी गेलंय, त्या बाजूला फिरकायचं नाही. विचारायची गरज नाही, सांगायची गरज नाही. हे त्या शांत मुलानेच सुचवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी जागेवर नव्हती आणि तोही नव्हता. कुणी काही बोललं नाही. भाच्याने माझ्याकडे बघून फक्त भुवया उडवल्या.

जुने कागदही उचलले. सगळे नाही, सगळे शक्यच नव्हते. दोन मोठ्या पिशव्या भरल्या, लांब काटक्यांचे चिमटे करून. तिसऱ्या पिशवीच्या वेळी वारा सुटला आणि थांबलो.

कातळावरचा टप्पा अवघड गेला. भुसा ठीक चालला, पण उन्हात पिशवी फुगते हे कुणी सांगितलं नव्हतं. माझ्याच पाठीवर होती. दुपारी सॅक उघडायला वाकले तेव्हा टम्म झालेली, आतली चिकटपट्टी सुटत आलेली. कुणाकडे उपाय आहे का?

बर्फाळ

रुंद तोंडाची, फिरकीच्या झाकणाची प्लास्टिकची बरणी घ्या, पिशवी तिच्यात. झाकण दिवसातून दोनदा, वाऱ्याच्या दिशेला पाठ करून, किंचित सैल करायचं. सॅकच्या सावलीच्या बाजूला बांधा. आणि बरणीवर खूण करा, बाटलीची गोष्ट लक्षात आहे ना.